तवंदी घाटात थांबलेला कंटेनर : बेळगावहून जर्मनीला निघालेल्या मालाचं प्रकरण

हे प्रकरण जुलै २०२१ मधलं आहे. कारखाना, ग्राहक, फॉरवर्डर (मालाच्या वाहतुकीची व्यवस्था करून देणारी कंपनी), ट्रान्सपोर्टवाला यांपैकी कोणाचंही नाव इथे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे थोडे तपशील बदलले आहेत. पूर, बंद झालेले रस्ते आणि कायद्यातल्या तरतुदी मात्र होत्या तशाच आहेत. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या तीन-चार लहान कारखान्यांची निर्यातीची कागदपत्रं बघतो. त्या आठवड्यात मी या कारखान्याच्या ऑफिसातच बसून होतो.

पार्श्वभूमी

बेळगावात फाउंड्री आणि मशिन शॉप यांची जोडी जुनी आहे. एका शेडमध्ये ओतकाम होतं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या शेडमध्ये त्याच कास्टिंगवर मशिनिंग होतं. आमचा कारखाना या दुसऱ्या प्रकारातला. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी तिथे तयार होतात. अप्पांनी एका लेथवर हा कारखाना सुरू केला होता, आता त्यांचा मुलगा, म्हणजे पुढे येणारे ‘मालक’, कारभार बघतो. चाळीसेक कामगार आहेत. निर्यातीचा मोठा ग्राहक एकच, जर्मनीत श्टुटगार्टच्या बाजूला.

महिन्याला एक वीस फुटी कंटेनर जायचा. लोखंडाचा माल जड असतो, चाळीस फुटी कंटेनर घेतला तर जागा रिकामी राहते आणि वजनाची मर्यादा आधीच भरते, म्हणून वीस फुटीच परवडतो. त्या वेळच्या कंटेनरमध्ये २० लाकडी पेट्या होत्या, प्रत्येकी सुमारे ९०० किलोच्या, म्हणजे एकूण १८ टन.

मालाचा प्रवास असा. न्हावा शेवाच्या यार्डातून रिकामा कंटेनर ट्रेलरवर चढून बेळगावला येतो. कारखान्यात माल भरला की तोच ट्रेलर संकेश्वर, निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे असा पाचशे किलोमीटरच्या आतबाहेरचा रस्ता कापून परत न्हावा शेवाला जातो. तिथून जहाजाने सुएझमार्गे रॉटरडॅम. रॉटरडॅमहून ऱ्हाईन नदीतल्या बार्जने (सपाट तळाच्या मालवाहू नौकेने) किंवा मालगाडीने जर्मनीत आत आणि शेवटचे काही किलोमीटर पुन्हा ट्रक. या सगळ्यात कंटेनर एकदाही उघडत नाही. वाहनं बदलत जातात आणि पेटी तीच राहते, कंटेनरची सगळी किमया यातच आहे.

कागदावर मात्र हा एक प्रवास नव्हता. आपल्याकडे १९९३ चा बहुविध मालवाहतुकीचा कायदा आहे. त्याच्या व्याख्येत दोन अटी आहेत: किमान दोन वेगळ्या प्रकारच्या वाहनांनी नेणं, आणि ते एकाच कराराखाली, भारतात माल ताब्यात घेतल्यापासून परदेशात तो सोपवेपर्यंत. आमची पहिली अट पुरी होत होती, दुसरी नाही. बेळगाव ते न्हावा शेवा ट्रेलर कारखान्याने ठरवलेला. कस्टम्सचं काम बघणारा एजंट कारखान्याचा. जहाजातली जागा घेतलेली ग्राहकाच्या फॉरवर्डरने. रॉटरडॅमच्या पुढचा प्रवासही त्याच फॉरवर्डरच्या जर्मन ऑफिसकडे. म्हणजे पलीकडचा अर्धा रस्ता एका हातात होता आणि अलीकडचा अर्धा तीन-चार हातांत वाटलेला.

सौदा होता एफओबी न्हावा शेवा. याचा अर्थ माल जहाजावर चढेपर्यंत धोका विकणाऱ्याचा. बेळगावचा रस्ता, घाट, बंदराच्या गेटबाहेरची रांग, यार्ड, सगळं आमच्या माथी. आंतरराष्ट्रीय सौद्यांच्या अटी समजावणाऱ्या इन्कोटर्म्सच्या पुस्तिकेत स्वच्छ सांगितलं आहे की कंटेनरच्या मालाला एफओबी योग्य नाही, एफसीए वापरा, म्हणजे माल वाहतूकदाराच्या हाती दिला की विकणाऱ्याचा धोका संपतो. कारण कंटेनर जहाजावर चढायच्या किती तरी आधी विकणाऱ्याच्या हातातून सुटलेला असतो. पण उद्यमबागेत एफओबी ही सवय आहे. पहिल्या ऑर्डरीला जो शब्द पडला तो पुढची बारा वर्षं कोणी बदलला नव्हता. तो कागद दर महिन्याला माझ्याच हाताखालून जायचा आणि मीही कधी विषय काढला नव्हता.

अडचण

कंटेनर मंगळवारी, २० जुलैला भरायचा होता. एका पार्टचा तपासणी अहवाल ग्राहकाकडून मंजूर होऊन यायचा राहिला होता. तो बुधवारी रात्री आला. गुरुवारी, २२ जुलैला सकाळपासून भरणं सुरू झालं, दुपारी वजनकाट्यावर वजन झालं, कंटेनरच्या दाराला ई-सील (यंत्राने वाचता येणारं सील) लागलं आणि संध्याकाळी सहाला ट्रेलर बाहेर पडला. बंदराच्या गेटची कट-ऑफ, म्हणजे कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, रविवारी सकाळी होती. एरवी दोन दिवस पुष्कळ झाले असते.

पाऊस तीन दिवस धो धो कोसळत होता. आम्ही सगळे खिडकीतून तो बघत होतो, आणि तरी गुरुवारी कोणीही विचारलं नाही की आज गाडी सोडायची का. प्रश्नच पडला नाही. माल तयार, कागद तयार, कट-ऑफ जवळ, मग गाडी निघणारच, असं डोक्यात बसलेलं असतं.

ड्रायव्हरने रात्र संकेश्वरच्या पुढे काढली. शुक्रवारी सकाळी साडेसातला त्याचा फोन आला.

“साहेब, पुढं सोडेनात. यमगर्णीत रोडवर पाणी हाय म्हणत्यात. तवंदीच्या ढाब्यावर लावलीय गाडी.”

तवंदी घाट निपाणीच्या अलीकडे, आणि यमगर्णी म्हणजे निपाणीच्या पुढे, वेदगंगेच्या काठी. थोड्या वेळाने कळलं की कोल्हापूरच्या बाहेर शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणीही महामार्गावर आलंय. म्हणजे एक अडथळा ओसरला तरी दुसरा उभाच. अप्पा खुर्चीत बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, “एकोणीसला आठवडाभर रस्ता बंद होता. तेव्हाही याच दोन ठिकाणी पाणी होतं की ओ.” ऑगस्ट २०१९ ची आठवण आम्हा सगळ्यांना होती. कागदांच्या यादीत मात्र तिला जागा नव्हती.

थोड्या वेळाने अप्पांनी आणखी एक प्रश्न विचारला आणि त्यावर खोलीत सगळे गप्प झाले. “समजा गाडी पाण्यात गेली असती, तर विमा कोणाचा?” ग्राहकाची मरीन पॉलिसी एफओबीच्या टप्प्यापासून सुरू व्हायची, म्हणजे माल जहाजावर चढल्यावर. त्याआधीच्या पाचशे किलोमीटरसाठी कारखान्याने स्वतःची इनलँड ट्रान्झिट पॉलिसी घ्यायला हवी होती. ती कधीच घेतलेली नव्हती. बारा वर्षं दर महिन्याला १८ टन माल विम्याशिवाय घाट उतरत होता.

ग्राहकाचा हिशेब वेगळाच होता. त्यांच्याकडे एका विशिष्ट बॉडीचा साठा १ सप्टेंबरपर्यंत पुरणारा होता. ठरलेलं जहाज २७ जुलैला सुटलं असतं तर माल ऑगस्टच्या शेवटी पोहोचला असता, अगदी काठावर. जहाज चुकलं तर पुढचं कधी मिळेल याची खात्री कोणी देत नव्हतं. मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सहा दिवस सुएझमध्ये अडकलं होतं, त्याआधीपासून कोरोनाने वेळापत्रकं विस्कटलेली होती, रिकामे कंटेनर जगात नको तिथे साचले होते आणि भाडी कधी नव्हे इतकी वाढली होती. त्या वर्षी जहाजात जागा मिळणं म्हणजे मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या गाडीचं आरक्षण मिळण्यासारखं झालं होतं.

समोरचे पर्याय

शुक्रवारी दिवसभर आम्ही एका वहीत पर्याय लिहीत आणि खोडत बसलो.

पहिला पर्याय, थांबायचं. पाणी ओसरलं की गाडी पुढे. हा सगळ्यांत सोपा आणि म्हणूनच सगळ्यांत मोहाचा. अडचण अशी की रस्ता शनिवारी दुपारपर्यंत उघडला तरच कट-ऑफ गाठता आली असती, आणि २०१९ चा अनुभव तसं सांगत नव्हता.

दुसरा, वळसा. हुबळी, विजयपूर, सोलापूर, पुणे असा. हिशेब केला तर पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास. भरलेला ट्रेलर पावसात दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटर कापतो. आज दुपारी निघाला तरी रविवारी रात्री किंवा सोमवारी पोहोचणार. शिवाय वाटेत कृष्णा ओलांडायची होती आणि तिचीही पातळी चढत होती. ट्रान्सपोर्टवाला तयार होता, जादा भाडं घेऊन. पण कट-ऑफ चुकणारच असेल तर जादा भाडं कशासाठी? फॉरवर्डरच्या मुंबई ऑफिसला कट-ऑफ वाढवून मागितली. त्यांनी काही तास मिळवून देतो म्हटलं. आम्हाला दीड दिवस हवा होता.

तिसरा, गोवा. बेळगावकराला मुरगाव बंदर नकाशात इतकं जवळ दिसतं की हा विचार दरवेळी येतो. त्या शुक्रवारी तो अर्ध्या तासात संपला. घाटरस्त्यांवर दरडी कोसळत होत्या. रेल्वेचं तर त्याहून वाईट. चिपळूणला पूर आल्याने कोकण रेल्वे बंद होती, म्हणून मंगळुरूहून मुंबईला जाणारी गाडी लोंढ्याच्या बाजूने वळवली होती, आणि २३ जुलैला तीच गाडी दूधसागर ते सोनावळीदरम्यान दरड कोसळून रुळांवरून घसरली. वळवलेली गाडी वळवलेल्या वाटेवर अडकली. त्या घाटात चढ ३७ फुटांना एक फूट आहे, तिथे एकदा वाट अडली की मोकळी व्हायला वेळ लागतो. आणि रस्ता चालू असता तरी बंदर बदलणं आमच्या हातात नव्हतं. जहाजाचं बुकिंग ग्राहकाच्या फॉरवर्डरचं. बंदर बदललं की जहाज बदलतं, शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा अर्ज) बदलतं, सगळं बदलतं.

चौथा पर्याय मालकांच्या पुतण्याने सुचवला. दुबईपर्यंत जहाजाने आणि पुढे विमानाने. हा प्रकार खरोखर चालतो, जहाजापेक्षा लवकर आणि नुसत्या विमानापेक्षा स्वस्त पडतो. पण त्यासाठीही आधी न्हावा शेवा गाठायचं होतं, आणि आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

पाचवा, थोडा माल विमानाने. सगळे १८ टन विमानाने पाठवणं म्हणजे कारखाना विकण्यासारखं. पण ग्राहकाची उत्पादनाची लाईन अडणार होती एकाच पार्टसाठी. जर्मनीला फोन करून नेमकं विचारलं की तीन आठवडे लाईन चालू ठेवायला किती नग लागतील. उत्तर आलं, साधारण १,२०० किलो. विमानाच्या भाड्यात एक घनमीटर जागेला १६७ किलो धरतात आणि प्रत्यक्ष वजन व हे वजन यांत जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात. कापसाला जागेचे पैसे पडतात, लोखंडाला वजनाचे. खोका लहान केला म्हणून आमचं काही वाचणार नव्हतं. आकडा मोठाच होता, पण सोसण्यापलीकडचा नव्हता.

मेख वेगळीच होती. ते १,२०० किलो सील केलेल्या कंटेनरच्या आत होते, आणि कंटेनर तवंदीला.

निर्णय : सील तोडायचं की नाही

या निर्णयावर शुक्रवारी रात्री दहापर्यंत घोळ चालला.

कारखान्यात सील लावलं की ई-सीलचा क्रमांक, शिपिंग बिलाचा क्रमांक, कंटेनर आणि ट्रेलरचा क्रमांक, सील लावल्याची तारीख-वेळ आणि कुठल्या बंदरावर जाणार हे सगळं ऑनलाइन नोंदलं जातं. बंदरावर कस्टम्सवाले ते सील वाचून बघतात. सील अभंग आणि माहिती जुळली तर सहसा कंटेनर उघडत नाहीत. म्हणून त्या सीलला हात लावायला सगळे घाबरतात, आणि ती भीती रास्त आहे.

मालकांचं म्हणणं, गाडी तिथेच उभी राहू दे, विमानासाठी नवे नग बनवू. शॉपमध्ये विचारलं तर कच्च्या कास्टिंगपासून धरून अकरा दिवस. म्हणजे तो विचार संपला.

कस्टम्सचा एजंट अनुभवी माणूस. त्याने एकच प्रश्न विचारला: एलईओ झालाय का? एलईओ म्हणजे माल निर्यात करायला कस्टम्सने दिलेली शेवटची परवानगी, ती बंदरात माल पोहोचल्यावर मिळते. आमचा माल बंदराच्या जवळपासही नव्हता. “मग हा माल अजून आपलाच आहे,” तो म्हणाला. “जुनं शिपिंग बिल रद्द करू, दोन नवी भरू. एक समुद्राचं, एक विमानाचं. फक्त कोणी, कधी आणि का सील तोडलं ते लिहून ठेवा, फोटो काढून ठेवा.”

तेवढ्यावर ठरलं. गाडी परत बोलवायची. जहाज चुकणारच आहे हे मान्य करायचं आणि ग्राहकाला आजच सांगायचं. हे शेवटचं वाक्य मी मालकांकडून मोठ्या मुश्किलीने वदवून घेतलं. त्यांना सोमवारपर्यंत थांबायचं होतं, तोवर काही तरी बरं घडेल या आशेवर. रात्री अकराला आम्ही मेल पाठवला: रस्ता बंद, जहाज चुकणार, १,२०० किलो विमानाने पाठवतो, बाकीचा माल पुढच्या जहाजाने, खर्चाचं बोलू.

जर्मनीचं उत्तर शनिवारी सकाळी आलं. तिकडचा माणूस शनिवारी मेल बघत नाही, पण त्याने बघितला होता. त्यातली एक ओळ माझ्या मनातून जात नाही. त्याने लिहिलं होतं की त्यांच्याकडेही गेल्या आठवड्यात महापूर आला, ऱ्हाईनच्या वरच्या भागात बार्ज थांबले होते, आणि त्यांच्या फॉरवर्डरने आमच्या कंटेनरचा तिकडचा टप्पा बार्जऐवजी मालगाडीने घ्यायचं तेव्हाच ठरवून टाकलंय.

तिकडे पूर आला आणि एका मेलवर वाहन बदललं. इकडे पूर आला आणि आम्ही पाच जण सोळा तास फोनवर होतो. तिथले लोक आमच्याहून हुशार होते असं मला वाटत नाही. तिथे बार्ज, मालगाडी आणि ट्रक एकाच करारात होते, म्हणून नदी की रूळ हे ठरवायचा अधिकार एकाच माणसाकडे होता. आमच्याकडे प्रत्येक सांध्यावर वेगळा माणूस होता आणि सांध्याचा मालक कोणीच नव्हता.

शनिवार ते मंगळवार

ट्रेलर शनिवारी दुपारी उद्यमबागेत परतला. सील तोडताना मालक, एजंटचा माणूस आणि ड्रायव्हर तिघांच्या सह्या घेतल्या, तुटलेलं सील पिशवीत घालून क्रमांकासह ठेवलं. दार उघडल्यावर आतल्या छताला पाण्याचे थेंब लोंबत होते. कंटेनरला घाम येतो तो असा. बाहेर गार पाऊस, आत दमट हवा. दोन पेट्यांमधल्या गंजरोधक पिशव्या फाटलेल्या निघाल्या. कंटेनर तसाच गेला असता तर महिनाभराने जर्मनीत गंजलेल्या बॉडी निघाल्या असत्या आणि गंज नेमका कुठे चढला यावर वाद झाला असता. हे आम्हाला योगायोगाने दिसलं, दक्षतेने नव्हे. त्या पिशव्या बदलल्या, ओलावा शोषणाऱ्या पुड्या दुप्पट टांगल्या.

विमानासाठी दोन नव्या पेट्या हव्या होत्या. परदेशी जाणाऱ्या लाकडाला उष्णतेची प्रक्रिया केलेली असावी लागते, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान ३० मिनिटं, आणि तसा शिक्का लागतो. शनिवारी संध्याकाळी शिक्क्याचं लाकूड कुठून आणणार? जुन्या पेट्या कापून नव्या केल्या तर शिक्का ग्राह्य धरत नाहीत. प्लायवूडला ती अट नाही हे पॅकिंगवाल्याला माहीत होतं, आम्हाला नव्हतं. रविवारी त्याने पायासकट सगळं प्लायवूडचं करून दिलं.

ई-वे बिल, म्हणजे रस्त्याने माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद, त्याचा घोळ वेगळा. २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत आहे, आमच्या अंतराला तीन दिवस. पण ते रद्द करता येतं फक्त चोवीस तासांत, आणि ते उलटून गेले होते. जीएसटीच्या सल्लागाराने सांगितल्याप्रमाणे माल परत आल्याची लेखी नोंद, टोलच्या पावत्या आणि ड्रायव्हरचा जबाब फाइलला लावला आणि नवीन मालासाठी नवीन बिलं केली. त्यावर पुढे कोणी शंका काढली नाही.

बेळगावच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून परदेशी मालाची सोय नव्हती. मुंबईचा रस्ता बंद. म्हणून सोमवारी रात्री छोटा ट्रक बंगळूरला सोडला. मंगळवारी तिथे कस्टम्स झालं.

निकाल

विमानाच्या पेट्या फ्रँकफर्टमार्गे ३ ऑगस्टला ग्राहकाच्या दारात पोहोचल्या. महामार्ग २६ जुलैच्या सुमारास हळूहळू सुरू झाला, पण जहाजात लगेच जागा नव्हती. कंटेनर ११ ऑगस्टच्या जहाजावर चढला आणि १७ सप्टेंबरला मालगाडी व ट्रकने कारखान्यात गेला. ग्राहकाची लाईन एक दिवसही थांबली नाही.

विमानभाडं अर्धं-अर्धं वाटलं. एफओबीप्रमाणे बघितलं तर सगळं आमच्यावर यायला हवं होतं. शुक्रवारीच खरं सांगितलं म्हणून त्यांनी अर्धं उचललं, हे त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. ट्रेलरची दुप्पट फेरी, कंटेनर जादा दिवस ठेवल्याचा आकार, नवं पॅकिंग हे सगळं कारखान्याचं. आणि एक छुपा फटका: पैसे मिळायची मुदत बीएलच्या (बिल ऑफ लेडिंग, माल जहाजावर चढल्याचा कागद) तारखेपासून ६० दिवस होती. बीएल २७ जुलैऐवजी ११ ऑगस्टचं झालं, म्हणजे पैसे पंधरा दिवस लांबले. त्या पंधरा दिवसांत पगार झाले, कास्टिंगवाल्याची उधारी थकली.

कायदा काय देतो, काय देत नाही

सप्टेंबरमध्ये पुढच्या वर्षाचा करार करताना आम्ही अट बदलून मागितली: एफसीए, आमचा कारखाना, बेळगाव. ग्राहकाच्या फॉरवर्डरने कारखान्यातूनच कंटेनर उचलायचा आणि बेळगाव ते श्टुटगार्ट एकच बहुविध वाहतुकीचा दस्तऐवज द्यायचा. माल त्यांच्या गाडीवर चढवला की आमचा धोका संपला. मालकांना भीती होती की ट्रेलरचं भाडं ग्राहकाकडे गेलं की तो तेवढी किंमत कापणार. कापलीच, भाड्याएवढी. पण त्याबरोबर घाट, पूर आणि रांगही गेली.

या दस्तऐवजाबद्दल आमच्याकडे फार गोड गैरसमज आहेत, म्हणून थोडं सविस्तर. १९९३ च्या कायद्याप्रमाणे असा दस्तऐवज देणारा ऑपरेटर नोंदणीकृत असावा लागतो. माल कुठल्या टप्प्यावर बिघडला हे कळत नसलं तरी जबाबदारी त्याची, आणि हा मोठाच दिलासा आहे. पण भरपाईला मर्यादा आहे. किंमत आधी जाहीर करून कागदावर लिहून घेतली नसेल, तर प्रवासात समुद्राचा टप्पा असताना किलोला २ एसडीआर किंवा पेटीला ६६६.६७ एसडीआर, यांत जे जास्त असेल ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. आमच्या ९०० किलोच्या पेटीला किलोचा हिशेब जास्त येतो, १,८०० एसडीआर. बारीक मशिनिंग केलेल्या मालाची किंमत त्याहून वर जाते. म्हणजे विमा हवाच.

उशिराची गोष्ट त्याहून कडक. वेळेत पोहोचण्यात आपलं हित आहे असं पाठवणाऱ्याने आधी जाहीर केलं आणि ऑपरेटरने ते मान्य केलं, तरच उशिराची जबाबदारी येते. नुसतं ‘अर्जंट’ लिहून काही होत नाही. वरून न दिसणारं नुकसान माल मिळाल्यापासून सलग सहा दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं, आणि दाव्याची मुदत नऊ महिने. जुलै २०२१ मध्ये आमच्याकडे असा दस्तऐवज असता तरी पुराने झालेल्या उशिराचे पैसे मिळाले नसते, हे मी मालकांना स्पष्ट सांगितलं. मिळालं असतं ते एवढंच, की तवंदीला थांबलेल्या गाडीचं काय करायचं हे ठरवणारा एक माणूस.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली चूक मंगळवारची. एका पार्टच्या अहवालासाठी २० पेट्या अडवून ठेवल्या. तो पार्ट मागे ठेवून बाकीचा माल मंगळवारी सोडता आला असता, आणि लाईन अडवणारा पार्ट तर त्या अहवालातला नव्हताच. पावसाळ्यात अर्धवट भरलेला पण वेळेवर गेलेला कंटेनर परवडतो.

दुसरी गुरुवारची. संध्याकाळी सहाला गाडी सोडण्याआधी निपाणीत कोणालाही एक फोन केला असता, तर वेदगंगेचं पाणी कुठवर आलंय ते कळलं असतं. मालकांची सासुरवाडी निपाणीची आहे.

तिसरी भरण्याची. अडचणीत सगळ्यांत आधी लागणारा पार्ट कंटेनरच्या अगदी आत, शेवटच्या भिंतीला लागून होता. तो बाहेर काढायला १४ पेट्या उतरवाव्या लागल्या. आता ग्राहकाच्या साठ्याचा आकडा दर महिन्याला मागून घेतो आणि ज्याचा साठा कमी, त्या पेट्या दाराजवळ भरतो.

विम्याबद्दल अजून माझं आणि मालकांचं पूर्ण जमलेलं नाही. एफसीए झाल्यावर त्यांच्या मते आता आपल्याला पॉलिसी नको. माझं म्हणणं, गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत, आणि कधी ग्राहकाने जुन्या अटीवर तातडीची ऑर्डर दिली तर, माल आपलाच असतो. सध्या त्यांनी वर्षाची छोटी ट्रान्झिट पॉलिसी घेतली आहे, माझ्या आग्रहाखातर.

आणि अप्पा. जून ते ऑगस्ट ते रोज सकाळी पेपरमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. कंटेनर भरायच्या आठवड्यात ते तो आकडा फळ्यावर खडूने लिहितात, कंटेनरच्या क्रमांकाच्या शेजारी. पुढच्या पावसाळ्यात एकदा त्यांनी ३६ लिहून शेजारी ‘आजच’ असं लिहिलं होतं. गुरुवारची गाडी आम्ही सोमवारी सोडली.